दगड पारखावा, बाकीचे घडवावे

जुने पूल टेबल विकत घेऊन ते घरी नीट करू पाहणाऱ्यांसाठी ही पुस्तिका आहे. ती लिहिताना डोळ्यांसमोर गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीचा वाचक ठेवला आहे. आरमोरीची मुले नागपूर, पुणे, हैदराबादला शिकायला जातात, वसतिगृहाजवळच्या पार्लरमध्ये पूल शिकतात आणि सुट्टीत घरी आली की हा खेळ इथे का नाही, असे विचारतात. त्याच शहरांत पार्लर बंद पडतात, क्लब नवी टेबले घेतात, कुणी मोठे घर विकून फ्लॅटमध्ये जातो आणि चांगली टेबले गोदामात किंवा जिन्याखाली पडून राहतात. ती स्वस्तात मिळतात. पण घेणाऱ्याला त्यात काय पाहावे हे ठाऊक नसते आणि इथे आणल्यावर ते कोण जोडून देईल याचीही खात्री नसते. म्हणून बरेच जण हात आखडता घेतात. काही जण नुसत्या चकचकीत पॉलिशवर भुलून खेळता न येणारे टेबल घरी आणतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जुन्या टेबलात पैसे मोजून घेण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे कापडाखालचा दगड. रबर आणि कापड बाहेरून मागवता येते. लाकूडकाम, जोडणी, पातळी आणि ताण हे सगळे आरमोरीत होऊ शकते, कारण त्यासाठी लागणारे लाकूड आणि हात दोन्ही इथे आहेत. ही गोष्ट पटली की जुन्या टेबलाची भीती वाटत नाही आणि भुरळही पडत नाही.

या खेळाचे आपल्या मुलखाशी असलेले नाते समजले तर तो परका वाटणार नाही. पूलचा मोठा भाऊ म्हणावा असा स्नूकर १८७५ साली जबलपूरला जन्मला. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने, तेव्हा चालत असलेल्या खेळात आणखी रंगीत चेंडू घालून तो रचला. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते. प्रांताची राजधानी नागपूर होती आणि आरमोरी ज्या चांदा जिल्ह्यात होती, तो जिल्हाही त्याच प्रांतात होता. म्हणजे आज जगभर खेळला जाणारा एक खेळ आपल्याच जुन्या प्रांतात तयार झाला. पण तो मेस आणि क्लबच्या दारांआड राहिला. बारा फुटी टेबलाचे वजन टनाहून अधिक असते, त्याला स्वतंत्र दालन लागते आणि देखभालीला कायमचा माणूस लागतो. गावाकडे ते येणार कसे?

तरीही मराठी मुलखातून या खेळाला थोर खेळाडू मिळाले. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताचा पहिला जगज्जेता खेळाडू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी तो किताब पुन्हा जिंकला, आणि राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद तर तब्बल बारा वेळा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले. मुंबईच्याच आदित्य मेहताने २०१३ च्या वर्ल्ड गेम्समध्ये स्नूकरचे सुवर्ण मिळवले. बिलियर्ड्स-स्नूकरमध्ये अनेकदा जगज्जेता ठरलेल्या पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा. हे सारे मोठ्या शहरांतून पुढे आले, कारण टेबले शहरांत होती. सात-आठ फुटी पूल टेबलाने ही अट सैल केली. ते मध्यम खोलीत मावते, सुटे करून टेम्पोत घालता येते आणि चार माणसांना उचलता येते. हा खेळ आपल्या घरापर्यंत येण्याचा रस्ता या लहान टेबलानेच मोकळा केला.

आता दगडाकडे वळू. पूर्वी टेबलाचा पृष्ठभाग लाकडी असे. लाकूड हवेबरोबर वाकते, म्हणून चेंडू सरळ धावत नसे. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास स्लेटचा पृष्ठभाग वापरात आणला आणि दोनशे वर्षांत त्याहून चांगला पर्याय सापडलेला नाही. स्लेट पातळ थरांत फुटते, घासून अगदी सपाट करता येते आणि एकदा सपाट केली की हवेतल्या ओलाव्याने वाकत नाही. आठ फुटी पूल टेबलात साधारण एक इंच जाडीची स्लेट असते. ती बहुधा तीन तुकड्यांत असते आणि सगळी मिळून दोनशे किलोच्या आसपास भरते. सात फुटी टेबलात, विशेषतः नाणे टाकून चालणाऱ्यांत, अखंड स्लेट असते. ती समतल करायला सोपी, पण उचलायला फार अवघड. आपल्याकडच्या बऱ्याच टेबलांत स्लेटऐवजी संगमरवर किंवा ग्रॅनाइट वापरलेला असतो. तो नीट घासलेला आणि पुरेसा जाड असेल तर घरगुती खेळाला चालतो. दाबलेल्या भुशाच्या फळीचे टेबल मात्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. आपल्या पावसाळ्यात ती फळी फुगते, मधून खचते, आणि खचलेली फळी पुन्हा सरळ होत नाही.

पारख करायला कापड फाडावे लागत नाही. टेबलाखाली झोपून टॉर्च मारावी. पॉकेटच्या भोकात हात घालून पृष्ठभागाची कडा चाचपावी. तिथे जाडी कळते आणि दगड आहे की फळी हेही कळते. बोटाच्या पेराने खालून जागोजाग वाजवावे. अखंड दगड खणखणीत बोलतो, तडा गेलेला बद्द वाजतो. पॉकेटजवळचे कोपरे आणि स्क्रूची भोके नीट पाहावीत, कारण उचलताना दगड तिथेच फुटतो. कोपऱ्याचा लहान टवका भरून काढता येतो. मधोमध आरपार गेलेली चीर असेल तर मात्र व्यवहार तिथेच थांबवावा. तीन तुकड्यांचा दगड एकत्र घासलेला असतो, म्हणून एका टेबलाचा तुकडा दुसऱ्याला चालत नाही. सुटे करण्याआधी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि दिशा खडूने लिहावी आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढावा.

झाडीपट्टीतल्या माणसाला हे नव्याने शिकवावे लागत नाही. वडसा आणि आसपासच्या नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव रंगमंच उभारतात, रात्रीचा प्रयोग आटोपला की तो सोडतात आणि पुढच्या गावी तसाच जोडतात. कोणती फळी कुठली, कोणता बोल्ट कशाचा, हे ज्या हातांना अंधारातही कळते, त्यांना पूल टेबल सोडणे आणि जोडणे कठीण जाणार नाही. नवी गोष्ट शिकायची ती अचूकतेची, आणि तिच्याकडे पुढे येतोच.

लाकडाच्या बाबतीत आरमोरीचा हात कुणी धरू शकणार नाही. आलापल्लीचा आणि बल्लारशाच्या आगारातला सागवान देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलेच सागवान गेले. जुन्या टेबलाची चौकट आणि पाय सागाचे किंवा शिसवीचे असतील तर ते बहुधा आपल्या वयापेक्षा जास्त टिकतील. पाहायचे ते एवढेच की वाळवीची माती कुठे आहे का, किड्यांची बारीक भोके आणि ताजा भुसा दिसतो का, पायाच्या बुडाला पाण्याने काळे पडले आहे का. दोन हातांनी धरून टेबल हलवले आणि चौकट कुरकुरली, तर सांधे सुटले आहेत असे समजावे. सांधे पुन्हा बसवणे हे इथल्या कुठल्याही चांगल्या सुताराचे रोजचे काम आहे. नवा तुकडा घालायचा झाल्यास तो मुरलेल्या लाकडाचा हवा. नुकत्याच कापलेल्या सागाने एक उन्हाळा पाहिला की तो आकसतो आणि सांधा उघडतो. जुनी कौलारू घरे पाडताना निघालेल्या चौकटी आणि खांब या कामाला उत्तम, कारण ते लाकूड कितीतरी उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिर झालेले असते. नवे लाकूड आगाराच्या लिलावातून किंवा परवानाधारक आरा मशीनवरूनच घ्यावे, पावती जपावी आणि लागेल तिथे वाहतूक परवाना काढावा. जंगलाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने घरातल्या खेळासाठी चोरीचे लाकूड वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

कडेच्या कुशनमध्ये रबर असते आणि जुन्या टेबलाची खरी झीज तिथेच होते. व्हल्कनाइज केलेले रबर १८४५ च्या सुमारास टेबलांना बसवले जाऊ लागले, तेव्हापासून चेंडूची उसळी भरवशाची झाली. पण रबर वयानुसार कडक होते आणि पत्र्याच्या खोलीत तळत पडलेल्या टेबलाचे अधिक लवकर होते. अंगठ्याने दाबून पाहावे. मग मधल्या रेषेवरून एक चेंडू जोरात मारावा. चांगल्या टेबलावर तो वर न उडता टेबलाच्या चार ते साडेचार लांब्या जाईल. तीन लांब्यांच्या आत थबकला तर कुशनमध्ये दोष आहे. तरी लगेच रबर बदलायचे ठरवू नये. कित्येकदा कुशन दगडाला आवळणारे बोल्टच ढिले झालेले असतात आणि ते घट्ट केले की उसळी परत येते. रबर बदलावेच लागले तर जुन्याच आकाराचे मागवावे. त्याची धार चेंडूच्या व्यासाच्या साधारण साडेत्रेसष्ट टक्के उंचीवर यायला हवी. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे धार दगडापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर हवी. ती खाली राहिली तर चेंडू उडतो, वर गेली तर दबतो.

कापड लोकरीचे असते, सोबत थोडे नायलॉन. आपल्या हवेत त्याला दोन शत्रू आहेत. पहिला ओलावा. ओल धरलेल्या लोकरीवर चेंडू मंदावतो. पावसाळ्यात हे घडणारच, पण विदर्भात ते उन्हाळ्यातही घडते, कारण आपण कूलर लावतो. पाण्याचा कूलर त्याच खोलीत रोख धरून चालवला तर कापड सैल पडते आणि लाकूडही हलते. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी. दुसरा शत्रू कसर आणि उंदीर. धान साठवणाऱ्या घरात उंदीर असतातच, आणि झाकून महिनोन् महिने न वापरलेल्या लोकरीला कसर लागते. रोज खेळले जाणारे टेबल या दोन्हींपासून आपोआप वाचते. खडूची भुकटी मऊ ब्रशने एकाच दिशेने काढावी, ओल्या फडक्याने कधीच नाही. नवे कापड घालताना ताण सगळीकडे सारखा यावा लागतो. आरमोरीत कोशाचे कापड विणणारे विणकर आहेत. उभा आणि आडवा धागा ताणाखाली कसा वागतो हे त्यांना सांगावे लागत नाही. कापड घालताना असा एक जाणकार शेजारी उभा असला तर काम निराळेच होते.

पातळी हा सगळ्यात नाजूक भाग आहे. स्पर्धेच्या टेबलावर लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा आणि रुंदीत पाव मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून अधिक नाही. गवंड्याची पाणसळ इतका बारीक फरक दाखवत नाही. लेथच्या कारखान्यात यंत्रे बसवताना वापरतात ती पाणसळ हवी. नागपूरला ती विकत मिळते. क्रम असा ठेवावा: आधी चौकट समतल, मग दगड, मग दोन दगडांमधला सांधा. दगडाखाली लाकडाच्या पातळ पाचरी सरकवायच्या आणि लांबी, रुंदी व दोन्ही कर्णांवर तपासत जायचे. सांधा भरायला जगभरचे कारागीर मेण वापरतात आणि शुद्ध मेण आपल्या जंगलातल्या पोळ्यांतूनच मिळते. पण मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत मेणाचा सांधा बसून जाईल, तिथे गाडीच्या गॅरेजमध्ये मिळणारी दोन भागांची लांबी (पुट्टी) वापरावी. मेणाचा फायदा हा की पुढे टेबल हलवायचे झाल्यास सांधा सहज सुटतो, लांबी मात्र खरवडून काढावी लागते. स्लॅबच्या, सावलीतल्या खोलीत मी मेणच सुचवीन. जोडणीनंतर काही आठवड्यांनी पातळी पुन्हा तपासावी, कारण नव्या वजनाखाली पाय आणि फरशी दोन्ही थोडी बसतात.

चेंडूंबाबत एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. जुन्या काळी बिलियर्ड्सचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि त्यासाठी असंख्य हत्ती मारले गेले. हस्तिदंताची टंचाई आणि किंमत टाळण्यासाठीच १८६९ मध्ये अमेरिकेत जॉन हायट यांनी सेल्युलॉइड घडवले. आज चेंडू फिनॉलिक रेझिनचे असतात आणि ते हस्तिदंतापेक्षा सर्व बाबतींत सरस आहेत. एखाद्या जुन्या क्लबच्या किंवा वाड्यातल्या टेबलाबरोबर पिवळट, बारीक रेषांचे चेंडू कुणी देऊ केले तर ते घेऊ नयेत. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. शिवाय कमलापूरला आपल्या जिल्ह्याचा हत्ती कॅम्प आहे आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप आपल्या जंगलांत वावरतो. हत्तीच्या सुळ्याशी खेळणे या मातीत तरी होऊ नये.

हे सगळे करण्याआधी खोली मोजावी. टेबल मावले म्हणजे खेळ मावला असे नसते, मागे क्यू ओढायला जागा लागते. ५८ इंची क्यू धरला तर आठ फुटी टेबलाला साधारण साडेतेरा फूट रुंद आणि सतरा फूट लांब खोली हवी. नऊ फुटीला चौदा बाय अठरा. खोली याहून लहान असेल तर सात फुटी घ्यावे. छोट्या क्यूने भिंतीशी झगडत खेळण्यात काही अर्थ नाही. टेबल तळमजल्यावरच ठेवावे. वरच्या मजल्यावर न्यायचे असेल तर आधी अभियंत्याला विचारावे, कारण साडेतीनशे-चारशे किलो वजन चार-सहा पायांवर येते.

वाहतूक दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावी. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे येताना शेवटी वैनगंगा ओलांडावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात तिने काय केले ते दोन्ही काठांनी पाहिले आहे. पावसाळ्यात लोकर आणि लाकूड उघड्या टेम्पोतून आणण्यासारखे नसते. दगड नेहमी उभा, कडेवर ठेवून आणि गादीत गुंडाळून न्यावा. आडवा ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात मोडतो.

किमतीचा हिशेब या क्रमाने करावा: मागितलेली रक्कम, वाहतूक, कापड, रबर, जोडणी. बेरीज नव्या टेबलाच्या निम्म्याहून फार वर गेली आणि दगडही साधाच असेल, तर नवे घेण्याची वाट पाहावी. दगड उत्तम असेल तर थोडे अधिक मोजायला हरकत नाही. वर्षभरात चार वेळा खेळणाऱ्या घराने टेबल घेऊ नये. ते एखाद्या वाचनालयाला किंवा तरुण मंडळाला घेऊन द्यावे. पाहुण्यांना दाखवायला म्हणून आणलेले टेबल दोन पावसाळ्यांत खराब होते, दहा मुलांच्या हाताखालचे मात्र टिकते. त्या दहांत मुली असाव्यात, हे आईवडिलांनी पाहावे. या खेळात उंची आणि ताकद यांपेक्षा नजर आणि संयम लागतो.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक काम पायरीपायरीने सांगितले आहे. वाचकाने सुताराला, कापड ताणणाऱ्याला आणि पातळी पाहणाऱ्याला ती प्रकरणे वाचून दाखवावीत आणि त्यांचे म्हणणे ऐकावे, कारण लाकडाबद्दल आणि हवेबद्दल त्यांना या पुस्तिकेपेक्षा जास्त कळते. काम पूर्ण झाल्यावर दगडाची जाडी, रबराचा आकार, कापडाचा प्रकार, सांधा कशाने भरला, ज्यांनी काम केले त्यांची नावे आणि तारीख, हे सगळे चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहावे. कापड काही वर्षांनी बदलावे लागेल, रबर त्यानंतर, आणि दगड या सगळ्यांना पुरून उरेल. पुढची दुरुस्ती करणाऱ्याला तेव्हा अंदाज बांधावे लागणार नाहीत, आणि त्यासाठी लागणारा माणूस आरमोरीतच सापडेल.